मी बुडवलेली सात जहाजं

आधी तो हात बाहेर काढा बघू माझ्या तोंडातून. हं, आता कसं! फोटो झाला ना काढून? मग टेका जरा त्या कठड्याला आणि ऐका. मी या धक्क्यावरची तोफ बोलतेय. दचकू नका. तोफ बोलली की लोक कानावर हात ठेवून पळतात हे मला माहीत आहे, पण माझं बोलणं तसलं नाही. तसलं मी जन्मात एकदाच बोलले आणि त्यातच नापास झाले. ते सांगतेच.

पाटी मागाहून वाचा. पाटीवर सगळ्यांचा विश्वास, आणि जिच्याबद्दल पाटी आहे तिला विचारायला कुणाला सवड नाही. मला काही अक्षरओळख नाही. माझ्या पाठीवर चार अक्षरं उठवलेली आहेत, ती कसली ते मला अजून कळलेलं नाही. कुणी म्हणतं राजाचं नाव आहे, कुणी म्हणतं वजन आहे. वजन असेल तर एवढ्या लोकांत मोठ्यानं वाचू नका, म्हणजे झालं.

माझा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, इथून दोन दिवसांच्या वाटेवर, एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. आम्ही अकरा बहिणी. ओतारी हाताचा मोठा कसबी होता, पण त्याला दोन जावई होते आणि दोघंही कारखान्यातच कामाला होते. माझ्या वेळी साच्यात रस ओतायला सुरुवात झाली, आणि थोरला जावई धाकट्याला म्हणाला, "तू बाजूला हो, तुला धरता येत नाही."

"मला येत नाही? परवा कुणाच्या पायावर सांडलं होतं?"

"सासऱ्यांना विचार कुणाच्या चुकीनं सांडलं ते!"

सासरे ओरडले, "अरे ओता रे आधी! भांडा मग!" पण तोवर शिंक येऊन जाईल एवढा वेळ धार थांबली होती. तेवढ्यात हवा आत गेली आणि माझ्या पोटात एक बुडबुडा राहिला. लोकांच्या घरात जावयांचं भांडण दोन दिवसांत मिटतं. माझ्या पोटात ते अजून आहे.

मग परीक्षा. राजाचा एक अंमलदार आला, अकरा जणींना ओळीनं मांडलं, एकेकीत दारू ठासून गोळा उडवला. बहिणींचे गोळे टेकडीपलीकडे गेले. माझा निघाला, शंभर पावलांवर एक डबकं होतं त्यात पडला. डबक्यातलं बदक उठलं, इकडे तिकडे बघितलं आणि पुन्हा तिथंच बसलं. माझी सगळी लढाई ती एवढीच. अंमलदारानं हातोडीनं ठोकून बघितलं. बहिणी ठण्ण वाजल्या, मी ठप्प वाजले. त्यानं माझ्या कपाळावर खडूनं फुली मारली आणि पुढे गेला. बदकाकडे बघून हसलासुद्धा, मेला.

दहा बहिणी पास होऊन लढाईला गेल्या. कुणी समुद्राच्या तळाशी गेली, कुणाची पुन्हा भट्टीत कढई झाली. त्यांतली आज एकही उरलेली नाही. नापास झाली तेवढी मी तुमच्यासमोर आहे. तुमच्या घरी परीक्षेत पडलेलं कुणी पोर असेल तर त्याला माझा निरोप सांगा.

मला एका पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, तळाशी टाकून इथं आणलं, पडाव हलू नये म्हणून. इथं तेव्हा काय होतं? चिखल, खेकडे आणि सतरा झोपड्या. नदी समुद्राला मिळते ती ही जागा. होड्यांना बांधायला काही हवं होतं, म्हणून लोकांनी खड्डा खणला आणि मला त्यात उभी गाडली. तोंड खाली. तोफेला पुढे तोंड असतं तसं मागे एक गोल बोंड असतं, आणि बोंडाखाली बारीक मान. ते बोंड आणि ती मान तेवढी वर, बाकी मी चिखलात. उलट्या डोक्यानं उभं राहून जग बघायची ही अशी सवय मला लागली, आणि खरं सांगते, माणसं तशी बघितली की बरीचशी सरळ दिसतात.

तर मी झाले होड्यांचा खुंट. रोज पहाटे दोर सुटायचा, संध्याकाळी दोर पडायचा. वर्षानुवर्षं एकाच जागी दोर घासून माझ्या मानेवर एक खाच पडली, बोटभर खोल. पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्याला चुंबळीचा खळगा पडतो ना, तशी.

तुम्ही शहराचा इतिहास ऐकायला आलात, तर तोही घ्या माझ्याकडून. ही राजधानी कशी झाली माहीत आहे? दोन मोठी शहरं होती, एक डोंगरातलं, एक मैदानातलं. दोघांनाही राजधानी व्हायचं होतं. बारा वर्षं भांडली. शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणालं, त्या नदीच्या तोंडावरच्या गावाला करून टाका, तिथल्या लोकांना भांडायला वेळ नाही, ते मासे निवडतायत. झालं! रातोरात आमच्या चिखलाला मान आला. समोर घुमटाचं सभागृह उठलं. शेजारी जकातघर, आता त्यात संग्रहालय आहे. पलीकडे दीपगृह, आता त्यात कॉफी मिळते आणि वर जायच्या जिन्यात लोक एकमेकांना सॉरी म्हणत अडकलेले असतात. आणि तो चौकातला घड्याळाचा मनोरा बघितलात? त्याला चार बाजूंना चार घड्याळं आहेत आणि चारही वेगळी वेळ दाखवतात. कचेरीतले लोक येताना पूर्वेचं बघतात आणि जाताना पश्चिमेचं.

राजे गेले, परके आले, तेही गेले, मग आपलेच आले. झेंडे बदलले. दोर मात्र तोच राहिला, फक्त काथ्याचा होता तो नायलॉनचा झाला.

मग एकदा शहराचा कसलासा मोठा वाढदिवस आला. धक्का सुशोभित करायचा म्हणून खोदाई सुरू झाली आणि मला मुळा उपटावा तशी उपटली. चिखल धुतला आणि खालून तोफ निघाली! केवढी धावपळ. दाढीवाले एक तज्ज्ञ आले. माझ्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, मानेवरच्या खाचेत बोट फिरवलं आणि डोळे मिटून म्हणाले, "ही लढाईतली जखम आहे. शत्रूच्या साखळीगोळ्याची."

बाजूला चार म्हातारे नावाडी विड्या फुंकत बसले होते. त्यांतला एक बोलायला तोंड उघडत होता, पण त्याला कुणी विचारलंच नाही.

झाली पाटी. पितळेची. 'या तोफेने शत्रूची सात जहाजे जलसमाधीस पाठवली.' सातच का, असं तुम्ही विचाराल. पाटीवर तेवढीच जागा होती, पंधरा लिहिलं असतं तर ओळ खाली उतरली असती. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, पाटी कोरणाऱ्यानंच सांगितलं.

मला लाकडी गाड्यावर चढवलं, काळा चकचकीत रंग दिला आणि चौथऱ्यावर बसवलं. बसवताना गवंड्यांनी मुकादमाला विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला?" मुकादम भाकरी खात होता. म्हणाला, "लोक फोटो काढणार त्या बाजूला." लोक रस्त्यावरून येतात. म्हणून माझं तोंड रस्त्याकडे आणि पाठ पाण्याकडे. रस्त्यापलीकडे काय? सभागृहाचा घुमट! तेव्हापासून देशाची एकुलती एक पराक्रमी तोफ देशाच्याच सभागृहावर रोखलेली आहे. फिरवायची तर चार खात्यांची सही लागते, आणि चौथं खातं मधल्या काळात बंद झालं.

आता एक कबुली देते. ती सात जहाजांची गोष्ट मला आवडायला लागली. सुरुवातीला लाज वाटायची. बदक आठवायचं. पण रोज शंभर माणसं येऊन "बाप रे, सात!" म्हणायला लागली की तुमचंही डोकं फिरेल. वर्षभरात मला जहाजांच्या शिडांचे रंगसुद्धा आठवायला लागले. तिसऱ्याचं तर फारच आठवायचं. पिवळं होतं.

हे सगळं ज्या बाईला खोटं आहे म्हणून माहीत होतं, ती म्हणजे छत्रीबाई.

छत्रीबाई इथली सगळ्यात जुनी गाईड. एकतीस वर्षं झाली. तिचं खरं नाव धक्क्यावर कुणालाच आठवत नाही. वाकड्या मुठीची काळी छत्री उंच धरून पुढे चालते, मागे पंचवीस-तीस पाहुणे बदकाच्या पिलांसारखे. तिचा बाप नावाडी होता, या तीरावरून त्या तीरावर माणसं नेणारा. त्याची होडी माझ्याच मानेला बांधलेली असायची. ही चार वर्षांची होती तेव्हा बाप तिला माझ्या बोंडावर बसवायचा आणि म्हणायचा, "हिला धरून बस, ही सुटणारी नाही." विडी फुंकताना ज्याचं बोलणं तोंडातच राहिलं, तो म्हातारा तोच.

बाईला लिहिता-वाचता येत नाही. शाळेच्या वयात ती होडीतलं पाणी उपसत होती. पण डोकं असं की एकदा ऐकलं की गेलं आत. कुठल्या साली पूल पडला, कुठल्या सभापतीला शिंका यायच्या, जकातघरात जप्त केलेल्या पोपटानं साहेबाला काय शिवी दिली, सगळं पाठ. माझ्यापाशी आली की मात्र ती पाटीतलं अर्धंच सांगायची. "पाटीवर असं असं लिहिलंय," म्हणायची आणि पाहुण्याचा हात धरून मानेवरच्या खाचेवर ठेवायची. "आणि हे असं आहे." बस. पुढे चला. खोटं बोलली नाही, खरंही बोलली नाही, एकतीस वर्षं निभावलं.

मग पर्यटन कचेरीत एक नवे साहेब आले. चष्मेवाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं सारखं लागायचं. धक्क्यावरच्या खुर्च्या सारख्या, कुंड्या सारख्या, तसा इतिहासही सारखा. त्यांना कळलं की नऊ गाईड नऊ गोष्टी सांगतात. भोंगेवाला म्हणून एक आहे, गळ्यात कर्णा अडकवून फिरतो, तो तर माझी जहाजं गर्दी बघून वाढवायचा. रविवारी एकवीस.

साहेबांनी पुस्तिका छापली आणि फर्मान काढलं. गाईडनं पुस्तिकेत आहे तेच सांगायचं, शब्द न बदलता. त्याची तोंडी परीक्षा होईल, जागेवर. जो चुकेल त्याचा बिल्ला जमा. आणि बिल्ला नाही तर धक्क्यावर पाहुणे घेऊन फिरायचं नाही.

छत्रीबाईला धक्का सोडून दुसरीकडे ठेवून बघा. मासा फडताळात ठेवल्यासारखं होईल.

तिची सून पलीकडे लाँचच्या तिकीटखिडकीवर बसते. तोंडाची तिखट, पण सासूवर जीव. रोज सकाळी खिडकी उघडायच्या आधी दोघी माझ्या सावलीत बसायच्या. सून वाचायची, सासू म्हणायची. पंधरा दिवसांत अख्खी पुस्तिका पाठ. फक्त एक ओळ अडायची.

"आई, म्हणा पुन्हा. 'या तोफेने शत्रूची सात जहाजे जलसमाधीस पाठवली.'"

"अगं, हिनं एक होडीसुद्धा पाठवली नाही."

"ते पुस्तकात नाही."

"माझ्या बापानं चाळीस वर्षं हिच्या मानेला होडी बांधली. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तुमचे वडीलही पुस्तकात नाहीत. म्हणा, सात जहाजे."

"सात जहाजे... अगं, हिचं तोंड मातीत होतं! मातीतून गोळे काय गांडुळांवर मारले?"

सून हसून हसून चहा सांडायची. मग डोळे पुसून गंभीर व्हायची. "आई, एक ओळ आहे. डोळे मिटायचे आणि गोळीसारखी गिळून टाकायची. बिल्ला गेला तर घरी बसून काय करणार आहात?"

"तुझ्या स्वयंपाकात चुका काढीन."

"म्हणूनच सांगतेय, म्हणा!"

मी वरून ऐकत होते. तुम्हाला वाटेल मी म्हातारीच्या बाजूनं असेन. कसली! मी मनात म्हणत होते, म्हण गं बाई, सात म्हण, तुझाही बिल्ला राहील आणि माझीही शान राहील. खरं बाहेर पडलं तर मी काय? खुंट! चौथऱ्यावर चढलेला खुंट. उद्या मला उतरवून कुंडी ठेवतील.

परीक्षेचा दिवस आला. त्याच दिवशी कचेरीची नवी लाँच निघणार होती, पांढरीशुभ्र, काचेची. तिच्यात मोठे साहेब, चष्मेवाल्यांचेही साहेब, आणि पंधरा-वीस बडे पाहुणे. ती एक फेरी मारून परत येणार आणि तोवर परीक्षा उरकणार, असा बेत. लाँच बांधायला माझ्यापासून दहा पावलांवर नवा खांब उभारला होता. काय रूप त्याचं! हिरवा रंग, वर पितळी कमळ, मध्ये नक्षी. त्याला दोर लावायच्या आधी फीत लावली होती. सुशोभीकरणवाल्यांनी तो फरशीला चार स्क्रूंनी बसवला होता, आणि फरशी खाली पोकळ होती. मला माहीत होतं. मी त्याच जागी शंभर वर्षांवर राहिलेली, खालचा चिखल माझ्या तोंडाच्या चवीचा आहे. पण विचारतंय कोण?

आठ गाईडांची परीक्षा झाली. भोंगेवाल्यानं सातावर थांबताना दोनदा आवंढा गिळला, पण सुटला. मग छत्रीबाई.

पूल, मनोरा, जकातघर, दीपगृह. एक शब्द इकडचा तिकडे नाही. चष्मेवाले पुस्तिकेवर बोट फिरवत होते, बोट मागे पडत होतं आणि बाई पुढे जात होती. माझ्यापाशी आली. हात सवयीनं मानेवर गेला, खाचेत बसला, आणि ओळ तिथंच अडली.

"पुढे?" साहेब म्हणाले.

"पुढचं येतं साहेब. म्हणवत नाही."

"म्हणवत नाही म्हणजे? येतं की येत नाही?"

बाईनं डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं, "या तोफेने शत्रूची सात जहाजे जलसमाधीस पाठवली. झालं. हे तुमचं. आता माझं ऐका. हा होड्यांचा खुंट आहे. ही दोराची खाच आहे. माझा बाप रोज हिच्या भरवशावर होडी ठेवून घरी जेवायला यायचा. हिनं एकही जहाज बुडवलं नाही साहेब, हिनं धरून ठेवली."

तिकीटखिडकीत सूनबाईनं कपाळाला हात लावला. भोंगेवाला खूश झाला. आणि मी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं पिवळं शीड डोळ्यांसमोर फाटलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मावशी, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण मी परीक्षा पुस्तिकेची घेतोय. पुस्तिकेबाहेरचं सांगितलंत, म्हणजे चूक. मला माझ्या हातानं काढायला लावू नका."

"नाही लावत," बाई म्हणाली. तिनं साडीवरचा बिल्ला स्वतः काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. पिन उघडीच होती, ती साहेबांच्या अंगठ्यात गेली. "आई गं!" साहेब म्हणाले.

आणि तेव्हाच पाण्याकडून त्याहून मोठी "आई गं!" ऐकू आली.

लाँच परत आली होती. चालकानं दोर टाकला, कचेरीच्या शिपायानं तो त्या कमळाच्या खांबाला बांधला, चालकानं यंत्र बंद केलं. ओहोटी जोरात होती. दोर ताणला आणि तो खांब, कमळ, फीत आणि फरशीच्या तुकड्यासकट उडाला आणि पाण्यात गेला, गाजर उपटल्यासारखा. काचेची लाँच बाजूला वळली आणि पुलाच्या खांबांकडे निघाली. चालक यंत्र सुरू करतोय, ते नुसतं खोकतंय. मोठे साहेब काचेला हात लावून उभे, तोंड उघडं, आवाज नाही. पाहुणे अजून टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

चालकानं दुसरा दोर फेकला. तो धक्क्याच्या काठावर पडून घसरायला लागला. सगळे ओरडत होते, "धरा! धरा!" आणि कुणीच धरत नव्हतं. कारण धरून बांधायचा कशाला?

छत्रीबाई पळाली. साठीची बाई अशी पळताना मी बघितली नव्हती. पाण्यात जाणारा दोर तिनं छत्रीच्या वाकड्या मुठीनं वरचेवर उचलला, ओढत आणला आणि माझ्या मानेला एक वेढा, दुसरा वेढा, वर एक फास. बापाची गाठ. बघायचीसुद्धा गरज नव्हती, हातांना माहीत होतं. दोर थेट खाचेत जाऊन बसला.

मुकादमानं भाकरी खाता खाता माझी पाठ पाण्याकडे केली नसती, तर ही मान त्या दोराच्या हाताला लागली नसती. हे लक्षात ठेवा. चूकसुद्धा कधी कधी कामाला येते, पण तिनं योग्य दिशेला पाठ केलेली पाहिजे.

ताण आला. किती वर्षांनी! मान कडकडली, अंगावरच्या रंगाच्या खपल्या उडाल्या, गाडा करकरला. पोटातला तो बुडबुडा हलला की काय असं वाटलं. चौथऱ्याचा एक खिळा तुटला, गाडा जागच्या जागी गरकन वळला आणि अडला. मी धरलं. आणि काय सांगू, सात जहाजांच्या सगळ्या कौतुकात मला जे कधी वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. अरे, हे माझं काम! हे मला येतं! यात मी कधीच नापास झाले नाही!

लाँच पुलाच्या खांबापासून दोन हातांवर थांबली. मग हळूहळू काठाला ओढून घेतली. मोठे साहेब उतरले. समोर जे आलं त्याला त्यांनी मिठी मारली. समोर मी होते.

"कसली तोफ आहे ही?" त्यांनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी पुस्तिका उघडली. मग मिटली. मग माझ्या मानेकडे बघितलं, त्या खाचेत दोर असा बसला होता जसा अंगठीत खडा. "साहेब," ते म्हणाले, "हा होड्यांचा खुंट आहे."

सूनबाई खिडकी तशीच उघडी टाकून धावत आली होती. सासूच्या तळहाताला दोरानं साल निघालं होतं, त्यावर रुमाल बांधता बांधता ओरडत होती, "काही झालं असतं म्हणजे? वय काय तुमचं? पाण्यात गेला असतात म्हणजे?"

"गेले असते तर तुझ्या स्वयंपाकाला नावं कुणी ठेवली असती?"

"बोलू नका माझ्याशी," सून म्हणाली आणि रुमालाची गाठ मारून तो हात धरूनच उभी राहिली.

चष्मेवाले पुढे आले. बिल्ला अजून त्यांच्या हातात होता, त्यावर त्यांच्या अंगठ्याच्या रक्ताचा ठिपका. त्यांनीच तो छत्रीबाईच्या खांद्याशी परत लावला. दुखरा अंगठा सांभाळत पिन लावताना बिल्ला उलटा लागला. घरी जाताना सुनेच्या ध्यानात आलं. "आई, थांबा, उलटा आहे."

बाईनं माझ्याकडे बघितलं. "राहू दे. ही इतकी वर्षं उलटीच उभी होती."

आजही तो उलटाच आहे. मघाशी तुम्ही तिच्या मागून आलात ना? बघितला असेल.

आता म्हणाल, मग पाटी बदलली असेल. बदलली की! कचेरीनं समिती नेमली, समितीनं अकरा बैठका घेतल्या. दाढीवाले तज्ज्ञ त्यात होतेच. त्यांचाही मान राहिला पाहिजे, खऱ्याचाही राहिला पाहिजे. म्हणून आता पाटीवर असं आहे, सूनबाईनं मला वाचून दाखवलंय: 'या तोफेने शत्रूची सात जहाजे बुडवली व आपले एक वाचवले.' वाचा, वाचा आता, माझी हरकत नाही. हसून घ्या.

आणि माझं तोंड? त्या दिवशी गाडा वळला तो वळलाच. आता मी सभागृहावर रोखलेली नाही. बरोबर पर्यटन कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीवर आहे. चष्मेवाले साहेब तिथंच बसतात. त्यांनी टेबल थोडं डावीकडे सरकवून घेतलंय. पण पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायच्या आधी ते खाली येतात, छत्रीबाईला विचारतात, आणि ती सांगते ते लिहून घेतात. जप्त केलेल्या पोपटाची शिवीसुद्धा लिहून घेतली. छापली नाही, पण लिहून घेतली.

कमळाचा खांब अजून पाण्यात आहे. त्याच्या जागी दुसरा आलाय, त्याच्यावर मोर आहे. त्यामुळे लाँचचा चालक मोराला फक्त फुलं वाहतो आणि दोर आणून माझ्या मानेला टाकतो. संध्याकाळी या, बघायला मिळेल.

तर पाहुण्यांनो, तुमची लाँच सुटायची वेळ झाली. ती छत्री वर झालेली दिसतेय. जाण्याआधी म्हातारीचं एवढं ऐका. माझ्या तोंडात हात घालू नका, चॉकलेटचे कागद तर अजिबात घालू नका, तिथून कधी काही निघालं नाही आणि निघणारही नाही. फोटोच काढायचा तर मागे या. इथं, मानेपाशी. हात ठेवा खाचेत. गुळगुळीत लागते ना? जरा गरमसुद्धा लागेल, आत्ताच दोर सोडलाय.